ट्रंकेतला वेताळ

वाचकहो, वर्षभर या सदरातून मी दुसऱ्यांच्या आवडीनिवडींवर शेरे मारीत असतो. दिवाळीत मात्र माणसाने आधी स्वतःच्या घरातली जळमटे काढावीत, म्हणून आज माझ्याच एका आवडीची कबुली देतो.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी शेवटच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुमचं सगळ्यांत आवडतं पुस्तक कोणतं?” मराठीचा प्राध्यापक म्हटला की उत्तर ठरलेलेच! मीही जरा खाकरून ‘ज्ञानेश्वरी’ म्हणालो. मुलींनी ते वहीत उतरवून घेतले. आता ज्ञानेश्वरी मला प्रिय आहे, यात खोटे काही नाही. पण ज्या पुस्तकासाठी मी भरल्या ताटावरून उठलो, ज्याच्यापायी सख्ख्या मामेभावाशी अबोला धरला, ते पुस्तक जेमतेम तीस-बत्तीस पानांचे होते, आणि त्यात जांभळ्या पोशाखातला एक मुखवटेवाला पांढऱ्या घोड्यावरून दौडत होता. हे भर वर्गात सांगायचा धीर मला झाला नाही.

माझे घर सांगलीच्या गावभागातले आणि आजोळ साताऱ्याचे. मे महिना साताऱ्यात जाई. मामांच्या माडीवरून अजिंक्यतारा दिसे. पण किल्ला पाहायला सवड कुणाला होती? माडीवर एक लोखंडी ट्रंक होती आणि तीत इंद्रजाल कॉमिक्सचे ऐंशी अंक होते. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी ती मालिका काढली, पुढे ती मराठीतही येऊ लागली. मामांनी शाळकरी वयात खाऊच्या पैशांतून एकेक अंक जमवला होता.

त्या वयात माझ्या डोक्यात दोन वेताळांचा मोठा गोंधळ असे. एक ‘चांदोबा’तला, विक्रम राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा. मद्रासेहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला तो राजा ज्यांनी काढला, ते चित्रकार शंकर २०२० साली गेले. दुसरा वेताळ इंद्रजालमधला. १९३६ साली अमेरिकेत ली फॉक यांनी जन्माला घातलेला ‘फँटम’ मराठीत आला तो वेताळ होऊन. पहिल्याची भीती वाटे, दुसऱ्याचा आधार वाटे. अंधारात परसाकडे जाताना मी दुसऱ्याचे नाव घेत असे.

चित्रांतून गोष्ट सांगणे म्हणजे काहीतरी हलके, असे आम्हां मास्तर मंडळींना उगीचच वाटते. आमच्या भागाला तर हा जुना नाद आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, म्हणजे साक्षात राजाने, स्वतः कुंचला हाती धरून रामायण रंगवले आणि १९१६ साली ‘चित्ररामायण’ छापून काढले. किर्लोस्करवाडीला कारखान्याच्या शेजारी मासिक चालवणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत. मग आम्हीच काय म्हणून लाजायचे?

असो. १९९० साली इंद्रजाल बंद पडले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मामा म्हणाले, “आता नवे अंक यायचे नाहीत. ट्रंक तुम्हां दोघांची. मिळून वाचा.” दोघे म्हणजे मी आणि माझाच समवयस्क मामेभाऊ. पण मामेभावाचा हात सैल. गल्लीतल्या कुणालाही अंक द्यायचा, कोपरे मुडपायचा, वर चिवडा खात वाचायचा. मी आईमागे लकडा लावला आणि ट्रंकेसकट धड असे साठ अंक सांगलीला आणले. फाटके वीस त्याच्यासाठी ठेवले. पुढच्या सुट्टीत त्याने आपला वाटा मागितला. मी म्हणालो, “तुला जपता येत नाही.” चार वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पुढे बोलणे सुरू झाले, तरी मनातली गाठ सुटली नाही.

मी मात्र अंक फार जपले. एकेकाला वर्तमानपत्राचे वेष्टण, मध्ये कडुलिंबाचा पाला, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या, ट्रंकेला कुलूप. इतके जपले की वाचायचेही राहून गेले.

२००५ च्या महापुराची खूण आमच्या भिंतीवर होती. तिच्या वर हातभर अंतर सोडून मी ट्रंक फळीवर ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने ती खूण जुमानली नाही. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर पाणी गेले की धोका समजतात. त्या वर्षी ते ५७ फुटांच्याही वर गेले. आम्ही रात्रीच औषधे आणि कागदपत्रे घेऊन मिरजेला नातलगांकडे गेलो. परतलो तेव्हा घरभर चिखल आणि ओशट वास. ट्रंक उघडली, तर साठ अंकांची मिळून एक वीट झाली होती. गावात याहून कितीतरी मोठी नुकसानी झाली होती. लोकांचे संसार गेले, नगरवाचनालयाची हजारो पुस्तके गेली. त्यात माझ्या वेताळासाठी रडायचे कोणत्या तोंडाने? मी ती वीट गुपचूप कचऱ्याच्या गाडीत टाकली.

आईच्या गीतरामायणाच्या कॅसेटीही त्याच पुरात गेल्या. पण आईच्या तोंडावर त्याचे काही दिसले नाही. मिरजेला त्या परक्या स्वयंपाकघरात भाजी निवडताना ती तीच गाणी गुणगुणत होती. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत पुणे आकाशवाणीवरून ती ५६ गाणी झाली. लिहिणारे माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातल्या शेटफळ्याला जन्मलेले आणि चाली सुधीर फडक्यांच्या. साताऱ्याच्या वाड्यात तेव्हा एकच रेडिओ. सगळी बिऱ्हाडे त्याच्यापुढे बसत. आजीने तिथे ऐकून ती गाणी पाठ केली आणि पुढे आईला शिकवली. त्यांना कुठली ट्रंक आणि कुठले कुलूप!

त्या वर्षी दिवाळीला मामेभाऊ एस.टी.ने सांगलीला आला. फराळाच्या डब्याबरोबर एक पिशवी होती. पिशवीत इंद्रजालचे चौदा अंक! कुणाला मुखपृष्ठ नाही, कुणाला पतंगाचा कागद चिकटवलेला, एकावर चिवड्याच्या तेलाचा डाग, आणि आतल्या पानांवर वाचणाऱ्या पोरांची नावे. चाळिशीकडे झुकलेला हा गृहस्थ साताऱ्यात जुन्या मित्रांच्या दारोदार हिंडून पोरपणी वाटलेले अंक मागत फिरला होता.

“वीस होते. एवढेच मिळाले,” तो म्हणाला. “तुझे गेले, असं आत्यानं फोनवर सांगितलं.”

मला काही बोलता येईना. शेवटी म्हणालो, “यातले सात तुझे.”

“सगळेच दोघांचे. बाबांनी सांगितलं होतं ना?” असे म्हणून त्याने चकली उचलली.

त्या रात्री एक अंक उघडला. जंगलातली माणसे वेताळाला अमर समजतात. खरे पाहता तो एकविसावा आहे. बाप मरताना मुलाकडून शपथ घेतो, मुलगा मुखवटा चढवतो, आणि लोकांना वाटते तोच तो. लहानपणी हे शंभरदा वाचले होते. त्याचा अर्थ मात्र त्या रात्री लागला.

आता कन्येविषयी. तिला माझे अंक वाचायला सांगून मी थकलो होतो. तिची आवड जपानी चित्रकथांची, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. एकदा मी त्यातली दोन पुस्तके मागून घेतली, उलटी धरली, तिचे हसू सोसले आणि शेवटपर्यंत वाचली. खरोखर चांगली होती! दुसऱ्या दिवशी वेताळ तिच्या हातात दिसला. आपली आवड दुसऱ्याच्या गळी उतरवण्याआधी त्याची आपण चाखावी लागते, हे मला वर्गात वीस वर्षे शिकवून कळले नव्हते.

चौदातला एक अंक तिने परवा शेजारच्या मुलाला नेऊन दिला, मला न विचारता. तीन आठवडे झाले, अजून परत आलेला नाही. मी दोनदा विचारायला तोंड उघडले आणि दोन्ही वेळा मिटून घेतले.