मुख्यालय पडले तर आदेश कोण देणार?

मा. संरक्षण दल प्रमुख यांस,


तिन्ही दलांच्या एकत्रित थिएटर कमांडचा विषय निघाला की चर्चा मुख्यालय कुठल्या शहरात होणार यावर येऊन थांबते. जयपूर, लखनौ, तिरुवनंतपुरम ही नावे वर्तमानपत्रांत येतात. माझी सारी नोकरी सिग्नल्समध्ये झाली, त्यामुळे मला काळजी वेगळीच आहे. ते मुख्यालय युद्धाच्या दुसऱ्या दिवशी बोलत असेल का?

आमच्या वेळी युद्धसरावात मुख्यालय म्हणजे एक छोटे गावच असे. तंबू, गाड्या, अँटेनांचे रान, रात्रभर घरघरणारे जनरेटर. वर जाळी ताणली की आपण लपलो, असे सगळ्यांना वाटे. जाळी डोळ्यांना चकवते. वायरलेसच्या लहरी आणि इंजिनांची धग तिला अडवता येत नाही.

हे 1944 मध्येच दिसले होते. नॉर्मंडीत ला केन इथल्या वाड्यात जर्मन रणगाडा दलाचे मुख्यालय होते. त्याच्या वायरलेसवरून ब्रिटिशांनी जागा हेरली आणि 10 जूनला विमानांनी ती झोडपली. सेनापती गायर जखमी झाला, त्याचा चीफ ऑफ स्टाफ मारला गेला आणि ठरलेला प्रतिहल्ला बारगळला. रणगाडे होते, पण त्यांना हलवणारे कोणी उरले नव्हते. आपणही 14 डिसेंबर 1971 रोजी हेच केले. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या बैठकीचा संदेश हवेतच पकडला, मिग-21 विमानांनी छतावर रॉकेटे डागली आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

आता तर ड्रोन आणि उपग्रह अनेकांकडे आहेत. 2022 मध्ये युक्रेनमध्ये खेरसोनजवळच्या चोर्नोबाइव्का विमानतळावर रशियनांनी ठाण मांडले आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा मार खाल्ला. सेव्हास्तोपोलमधल्या रशियन आरमारी मुख्यालयाचा तर पत्ताच जगाला ठाऊक होता. 22 सप्टेंबर 2023 रोजी क्षेपणास्त्रे थेट त्या इमारतीवर आली. मुख्यालय मागे नेले की सुटलो, असेही नाही. युक्रेनकडे हायमार्स ही लांब पल्ल्याची रॉकेटे आल्यावर रशियनांनी ठाणी मागे हटवली, आणि तितकेच ते आघाडीपासून तुटले.

मुख्यालय लहान आणि विखुरलेले हवे. अँटेना माणसांपासून दूर, मध्ये जमिनीवर टाकलेली टेलिफोनची लाइन. लाइन टाकणारी आमची जुनी पोरे पुन्हा कामाला येतील. जागा बदलण्याचा सराव दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हवा. हे सगळे पैशाने आणि कवायतीने जमते. अवघड आहे ते अधिकार सोडणे.

पण तेही जमते, हे आपल्याच इतिहासात आहे. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज दूर जिंजीला निघाले, मागे रायगडही पडला. मात्र इकडचा कारभार त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांना हुकूमतपन्हा करून सोपवला होता. दर छाप्याला जिंजीच्या खलित्याची वाट पाहावी लागती, तर संताजी-धनाजी काय लढले असते? औरंगजेब 1707 मध्ये दख्खनमध्येच वारला, तेव्हाही मराठे लढतच होते. आज व्हिडिओच्या पडद्यावर सेनापतीला एकेक चौकी दिसते, म्हणून प्रत्येक निर्णय वर जातो. पडदा काळा झाला की खालचा ब्रिगेडियर काय करील, हे आपण त्याला कधी विचारले आहे का?

माझी विनंती एकच आहे. पुढच्या मोठ्या सरावात पहिल्याच रात्री, कोणालाही आधी न सांगता, पंचांनी मुख्यालय नष्ट झाल्याचे जाहीर करावे. आर्मी कमांडरसह सगळ्यांना बाजूला बसवावे. सकाळी आघाडीच्या ब्रिगेडला आदेश कोण देतो आणि किती वेळाने देतो, ते पाहावे. तो वेळ घड्याळ लावून मोजा, सर, आणि मुख्यालयाचे शहर त्यानंतर ठरवा.

आपला,
एक निवृत्त सिग्नल्स अधिकारी, पुणे