मुकादमाची वही आणि लसीची कुपी

जालना जिल्ह्यात दुर्गम भाग नाही, हे वाक्य या आठवड्यात लसीकरणाच्या एका बैठकीत पुन्हा कानावर आलं. मेळघाटासारखे डोंगर नाहीत, गडचिरोलीसारखं जंगल नाही, मग 'दुर्गम' हा रकाना भरायचा कशाला? दसरा तोंडावर असताना हे ऐकलं की मला राग आवरत नाही. येत्या काही दिवसांत मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडच्या ऊसतोड टोळ्या ट्रकमध्ये संसार भरून निघतील. त्यातल्या ज्या बायकांना पाचवा-सहावा महिना चालू आहे, त्यांची बाळंतपणं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कुठल्यातरी साखर कारखान्याच्या तळावर होणार आहेत.

घनसावंगीच्या बाजूला अशाच एका बाळाचं लसीकरण कार्ड पाहायला मिळालं. मूल गेल्या हंगामात तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्मलेलं. घड्या पडून पडून कार्ड कापडासारखं मऊ झालेलं. बीसीजीच्या चौकटीत तारीख, पोलिओच्या शून्य मात्रेपुढे तीच तारीख, आणि शेजारी हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ 'ब', लिहिलेल्या चौकटीत निळ्या पेनाने मारलेली आडवी रेघ. बाळ बाराव्या दिवशी तिथल्या केंद्रात पोचलं होतं. बीसीजी वर्षापर्यंत चालते, पोलिओची शून्य मात्रा पंधरा दिवसांपर्यंत देता येते, कावीळ 'ब'च्या जन्ममात्रेला मात्र २४ तासांची अट. सिस्टरने नियमाप्रमाणे केलं, तिला मी बोल लावणार नाही.

पण त्या रेघेची किंमत समजून घ्या. आईच्या रक्तात कावीळ 'ब'चा विषाणू असेल तर तो बाळंतपणातच बाळाकडे जाऊ शकतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण त्यातून पूर्ण बाहेर पडतात. जन्मताना लागण झालेल्या बाळांचं गणित उलटं आहे: शंभरातल्या नव्वदांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. ना डोळे पिवळे होत, ना ताप येत. गावात कावीळ म्हटलं की माळ घालायला नेतात, पण या बाळात उतरवायला काही दिसतच नाही. तीस-चाळीस वर्षांनी त्यांतल्या काहींचं यकृत आक्रसतं, नाहीतर त्यात कॅन्सरची गाठ निघते. कावीळ 'ब'चीही मात्रा असलेलं सहाव्या आठवड्याचं पेंटा या बाळाला मिळालं, चांगलंच झालं. पण आईकडून विषाणू आला असेल तर तोवर उशीर झालेला असतो.

आता दुर्गम म्हणजे काय ते पाहू. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रात पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास कार निकोबार हे बेट आहे. वस्ती अठरा हजारांच्या घरात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोर्ट ब्लेअर केंद्रातल्या डॉ. मनोज मुऱ्हेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकोबारी लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरात वीसहून जास्त माणसांत कावीळ 'ब'चा विषाणू सापडला. त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या (एनआयव्ही) डॉ. विद्या अरणकल्लेही होत्या. नुसता शोधनिबंध लिहून ही मंडळी थांबली नाहीत. सन २००० च्या सुमारास बेटावरच्या दोन गावांत आपल्या देशात बनलेली लस टोचली गेली. राष्ट्रीय लसीकरणात ही लस तेव्हा आलेलीही नव्हती. राष्ट्रीय कार्यक्रमातला तिचा पहिला प्रयोग २००२-०३ मधला आणि देशभर ती पोचली २०११-१२ मध्ये. मधे २००४ ची त्सुनामी आली आणि बेटाचा किनाराच उद्ध्वस्त झाला. तरी वर्षांमागून वर्षं संशोधक त्याच गावांत परत गेले, त्याच माणसांचं रक्त घेतलं आणि संरक्षण किती टिकलं ते तपासलं.

तिथे हे जमलं, कारण बेट जागचं हलत नाही. बोट चुकली तर पुढच्या बोटीने जा, गाव तिथेच असतं. कुणाच्या घरी कोण पोटुशी आहे हे तिथल्या नर्सला ठाऊक असतं. आमची टोळी नोव्हेंबरात एका फडावर असते, जानेवारीत दुसऱ्या, आणि फेब्रुवारीत कारखाना बंद पडायला आला की तिसऱ्याच तालुक्यात. गावची आशाताई वहीत 'स्थलांतरित' लिहून मोकळी होते. तळाजवळच्या उपकेंद्राच्या यादीत ही बाई मुळात नसतेच, कारण ती तिथली रहिवासी नाही. पाण्याने वेढलेल्या माणसापर्यंत सरकार पोचलं आणि डांबरी रस्त्याच्या कडेला कोपी घालून राहणाऱ्या बाईपर्यंत पोचलं नाही. दुर्गम कोण, ते आता बैठकीतल्या मंडळींनी सांगावं.

कुणी म्हणेल, निकोबारात प्रमाणच भयंकर होतं, देशाची सरासरी त्याच्या कितीतरी खाली आहे. खरं आहे. पण जन्ममात्रा प्रमाण पाहून द्यायची नसते, ती प्रत्येक बाळाला द्यायची असते. आणि जिथे आईची तपासणी होण्याचीच खात्री नाही, तिथे त्या बाळाला आधार फक्त ह्या एका सुईचा आहे.

या बाईपर्यंत पोचायची वाट हाताशीच आहे: टोळी कारखान्यावर नेणाऱ्या मुकादमाची वही. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच वाटली जाते. कुठलं जोडपं, कोणत्या गावचं, किती उचल घेतली, कोणत्या कारखान्याला जाणार, हे सगळं त्या वहीत असतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, म्हणजे प्रत्येक बाईची नोंद आपोआप झालेली असते. पैसे गुंतलेले असतात म्हणून ती वही चुकत नाही. सरकारच्या कुठल्याही पोर्टलपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे. लसीकरणाच्या नोंदींच्या यू-विन पोर्टलचं २०२४ मध्ये देशभर उद्घाटन झालं आणि कार्ड कुठूनही उघडण्याची सोय झाली. चांगली सोय आहे. पण कार्ड उघडायला समोर बाळ तर आलं पाहिजे. बाई येणार आहे, अमुक महिन्यात तिचे दिवस भरतात, ती अमुक कारखान्याच्या तळावर असेल, हे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला हंगामाआधी कळवणारा कागद आजही निघत नाही.

लसीची अडचण पुढे करू नये. ही लस उन्हापेक्षा गोठण्याने लवकर बाद होते. शून्याखाली गेली की कायमची निकामी. उबेत मात्र ती पोलिओच्या लसीपेक्षा कितीतरी जास्त तग धरते. दहा मात्रांची कुपी एका बाळासाठी फोडायची कशी, असंही विचारतात. नियमांनुसार नीट ठेवलेली उघडी कुपी चार आठवडे वापरता येते. आणि २४ तासांची अट? चोवीस तासांतच द्यावी हे बरोबर, पण जमलं नाही तर पुढच्या मात्रेची वेळ येईपर्यंत उशिरा का होईना द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच सांगितलं आहे. उशिराने तिचा गुण कमी होतो, पण उरतो. आपल्या वेळापत्रकाने एवढी मोकळीक दिली असती, तर बाराव्या दिवशी आलेल्या त्या बाळाच्या चौकटीत रेघेऐवजी तारीख असती.

उचल वाटून झाली आहे. नावं, गावं, कारखाने ठरले आहेत. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ट्रक हलण्याआधी तालुक्यातल्या मुकादमांना बोलवावं, आशाताईंकडून गरोदर बायांच्या तारखा घ्याव्यात, आणि दोन्ही मिळून झालेली यादी त्या-त्या कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी. त्यासाठी ना निधी लागतो, ना शासन निर्णय.