मोजपट्टी कोपनहेगनची, जिना लालबागचा

सप्टेंबर २०२५ मधले तीन दिवस एका पेशाच्या दृष्टीने मोठे विलक्षण गेले. ८ तारखेला जागतिक फिजिओथेरपी दिन झाला. त्या वर्षीचा विषय होता निरोगी वार्धक्य. म्हातारपणी येणारी दुर्बलता आणि पडणे कसे टाळावे, हा. ९ तारखेला दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढून फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असे बजावले. १० तारखेला तेच पत्र मागे घेण्यात आले. या धांदलीत देशभर वाद रंगला तो ‘डॉ.’ या दीड अक्षराचा. घरोघरी पडणारी म्हातारी माणसे बाजूलाच राहिली.

हा दिवस ८ सप्टेंबरलाच का? कारण १९५१ साली याच दिवशी कोपनहेगन येथे अकरा देशांच्या संघटनांनी फिजिओथेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन केला. महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेले सैनिक आणि पोलिओने लुळी पडलेली मुले, हे तेव्हाचे दोन मोठे प्रश्न होते. लंडनहून चालणारा हा महासंघ २०२० पासून ‘वर्ल्ड फिजिओथेरपी’ या नावाने ओळखला जातो. सव्वाशेच्या आसपास देश त्यात आहेत. नियम असा की, एका देशाची एकच संघटना सदस्य; व्यक्तीला तेथे थेट प्रवेश नाही. भारतीय संघटना १९६७ मध्ये त्यात दाखल झाली.

या महासंघाच्या हाती अधिकार किती? खरे सांगायचे तर काहीच नाही. तो कोणाला परवाना देत नाही, कोणाचा काढून घेत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणजे कोण, त्याचे किमान शिक्षण किती हवे, त्याने काय करावे आणि काय करू नये, याची मोजपट्टी तेवढी तो तयार करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दारी या पेशाच्या वतीने बोलतोही तोच.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. बँकांजवळ भांडवल किती असावे, याचा आठ टक्क्यांचा दंडक बासल येथील समितीने १९८८ मध्ये घालून दिला. त्या समितीलाही कायद्याचे बळ नव्हते आणि आजही नाही. पण नरसिंहम समितीच्या अहवालानंतर १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो दंडक आपलासा केला आणि एका कागदी शिफारशीपुढे भल्याभल्या बँकांना ताळेबंद नव्याने मांडावे लागले. बाहेरची मोजपट्टी कितीही चांगली असो, ती हातात घेऊन दारात उभा राहणारा घरचा तपासनीस नसेल, तर ती भिंतीवर टांगायच्या लायकीची.

फिजिओथेरपीच्या बाबतीत हा घरचा तपासनीस फार उशिरा आला. वास्तविक या विद्येचे देशातले माहेर आपले मुंबई शहर. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये येथे अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. तेव्हा हे शिक्षण देणारी एकही शाळा देशात नव्हती. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्यातून परळच्या केईएम रुग्णालयात पहिली शाळा निघाली. पाठोपाठ १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. शाळा आली, विद्यार्थी आले, पदव्या आल्या. कायदा मात्र आला नाही. महाराष्ट्राने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांच्या परिषदेचा कायदा केला तो २००२ चा. केंद्राचा कायदा २०२१ चा, आणि त्याची अंमलबजावणी करा, असे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना सांगावे लागले. दरम्यान २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक रुग्ण आढळला नाही. ज्या रोगासाठी ही विद्या येथे आली तो रोग गेला, तरी तिचे देशव्यापी नियमन मार्गी लागले नव्हते.

आता वादाच्या मुळाशी येऊ. नव्या कायद्याखालील आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये जो अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ असे सुचवले होते. महासंचालनालयाच्या पत्राचा आक्षेप केवळ उपाधीला नव्हता. फिजिओथेरपिस्टाने डॉक्टरने पाठवलेलाच रुग्ण पाहावा, असेही त्यात होते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पाठदुखी म्हणून आलेल्या माणसाच्या मणक्यात क्षय असू शकतो, कर्करोगही असू शकतो. अशा पाठीला व्यायाम देणे म्हणजे अनर्थच.

पण महासंघाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. रुग्णाला थेट फिजिओथेरपिस्टाकडे जाता यावे, अशी त्याची भूमिका आहे. ऑस्ट्रेलियातील संघटनेने १९७६ मध्येच डॉक्टरच्या चिठ्ठीची अट सोडली. अमेरिकेच्या सर्व राज्यांत आज कमीअधिक प्रमाणात ही मुभा आहे. मात्र ती मुभा फुकट मिळालेली नाही. धोक्याची खूण ओळखून रुग्णाला वेळीच डॉक्टरकडे धाडण्याचे शिक्षण, नोंदणीची सक्ती आणि चूक झाल्यास जाब विचारणारी परिषद, या तीन पायांवर ती उभी आहे. हे पाय घट्ट असतील तर चिठ्ठीची गरज कमी होते. ते डळमळीत असतील तर नावाआधीचे ‘डॉ.’ कोणालाही वाचवू शकत नाही.

हे सारे लालबागच्या चाळीतील तिसऱ्या मजल्यावरून पाहा. जिना लाकडी, अरुंद; लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली आजी घरी येते. रुग्णालयाने व्यायामाचा कागद दिलेला असतो, पण पुन्हा तपासणीला जायचे तर तिला खुर्चीत बसवून चार माणसांनी खाली उतरवायचे. गिरगावात तेच, परळला तेच. मुले उपनगरात. मग कोणीतरी फोन नंबर देतो आणि ‘फिजिओ’ म्हणवणारा एक तरुण घरी येऊ लागतो. तो साडेचार वर्षे शिकून पदवीधर झालेला आहे, की चार महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला आहे, की नुसता मालिशवाला आहे, हे आजीला कसे कळावे? तिच्या घराकडे चिठ्ठीही कोणी मागत नाही आणि नोंदणी क्रमांकही कोणी विचारत नाही. आजी पुन्हा चालेल की खाटेला खिळेल, हे मात्र त्या तरुणाच्या हातांवर ठरणार असते.

म्हणून या वादातून आपल्याला, म्हणजे गिऱ्हाइकांना, काय हवे ते आपण स्पष्ट मागितले पाहिजे. राज्य परिषदेची नोंदवही सामान्य माणसाला मराठीत, नाव टाकताच पाहता यावी. घरी येणाऱ्याने नोंदणी क्रमांक आपणहून दाखवावा. न दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. घरोघरी माणसे पुरवणाऱ्या एजन्सींवर त्याची जबाबदारी असावी. आणि ज्या महापालिकेने देशातली पहिली शाळा काढायला हातभार लावला, तिच्या वस्तीतल्या दवाखान्यांत ही सेवा नेमाने मिळावी. जिना न उतरू शकणाऱ्यांकडे तिने घरी जावे.

लंडनच्या महासंघाने पडण्याचा विषय जगापुढे मांडून आपले काम केले. त्या विषयाचे उत्तर तो देऊ शकत नाही, कारण जिना त्याचा नाही. ‘डॉ.’ कोणी लावायचे ते न्यायालये आणि आयोग ठरवतील. आजीला दोन पावले टाकायला शिकवणारा माणूस खरोखर शिकलेला आहे, याची हमी मात्र येथल्याच परिषदेने आणि येथल्याच सरकारने द्यायची आहे. ती मिळेपर्यंत दार उघडताना नोंदणी क्रमांक विचारायला आपण संकोचू नये.