बाबांचा गुडघा आणि तीन बोटं

मुलांनो, परवा विज्ञानाचा तास संपल्यावर सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, तरफेचा हात लांब केला की जोर कमी लागतो ना? मग बाबांच्या टेम्पोत तसं करता येईल? क्लच दाबून दाबून रात्री त्यांचा गुडघा ठणकतो हो."

प्रश्न थेट घरातला! शाळा सुटल्यावर आम्ही दोघं ओळखीच्या गॅरेजात गेलो. तिथल्या काकांनी एक जुनी, तीन बोटांची प्रेशर प्लेट पुढ्यात ठेवली. या प्लेटच्या दणकट स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात. म्हणून तर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. गिअर बदलताना ही पकड सोडवायची असते. ते काम ही तीन बोटं करतात. प्रत्येक बोट म्हणजे एक तरफच!

समजा, टेकूपासून बोटाचा लांब हात ५० मिलिमीटर आणि आखूड हात १० मिलिमीटर. म्हणजे प्रमाण ५ : १. स्प्रिंगांचा जोर ५०० किलो वजनाइतका असेल, तर बोटांवर १०० किलोचा जोर पुरतो. पुढे पेडलही तरफच असतं, त्यामुळे पायाला आणखी कमी जोर लागतो.

"मग १० : १ करा ना!" मुलगा म्हणाला.

काका हसले. "बोटं १० मिलिमीटर दाबली, तर आत्ता प्लेट २ मिलिमीटर सरकते. तुझ्या हिशेबाने किती सरकेल?"

"एकच!"

"मग क्लच पुरता सुटणार नाही. गिअर टाकताना कर्रर्र!"

"पेडल आणखी दाबलं तर?"

"अरे, ते खाली टेकतं की!"

बघा, तरफ फुकट काही देत नाही. जोर वाचवला, की अंतर गमवावं लागतं.

मुलगा हिरमुसला. काका म्हणाले, "बाबांना गाडी घेऊन यायला सांग." रविवारी पाहिलं, तर क्लचची वायर आतून गंजलेली! नवी घातली आणि पेडल हलकं झालं. दोष तरफेचा नव्हताच.

आता तुम्ही करून बघा. ३० सेंटिमीटरच्या पट्टीखाली ५ च्या खुणेवर पेन्सिल ठेवा. आखूड टोक टेबलाला टेकवा, मग लांब टोक खाली दाबा. कोणतं टोक किती हललं ते मोजा. पाचास एक येतं का?