नुसत्या सुईने भागायचे नाही

परवा दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय ५२, गावात किराणा मालाचे दुकान. सोबत आलेल्या पत्नीला बाहेरच बसवून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हार्मोनच्या इंजेक्शनला सहा महिने झाले. उत्साह थोडा वाटतो, पण अंगात ताकद काही भरत नाही." वजन पाहिले तर चार किलोने वाढलेले! चौकशी करता कळले, की सकाळचे फिरणे बंद केले आहे. कारण काय? "आता औषध चालू आहे ना!"

इथेच आपले चुकते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या शरीरातील महत्त्वाचे हार्मोन. ते फार कमी झाले की इच्छा मंदावते, थकवा येतो, स्नायू आणि हाडे दुबळी होतात. लक्षणे असतील आणि सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत ते कमी आढळले, तरच औषधाचा विचार करावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मधुमेहाचा रोगी इन्सुलिन घेतो, तसेच हे. पण इन्सुलिन घेतो म्हणून कोणी जिलेबीवर ताव मारत नाही. तोच न्याय इथेही लावायला हवा.

पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. ती टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर स्त्री-हार्मोनमध्ये करते. म्हणजे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते! उलट, लठ्ठ माणसाचे वजन चांगले उतरले तर शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन अधिक तयार करू लागते.

ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पोट सुटलेल्या, टेस्टोस्टेरॉन कमी किंवा काठावर असलेल्या सुमारे एक हजार पुरुषांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. जोडीला निम्म्यांना खरे इंजेक्शन, निम्म्यांना नकली. दोन वर्षांनी नकली इंजेक्शनवाल्यांत २१ टक्के जणांना मधुमेह आढळला, खऱ्या इंजेक्शनवाल्यांत १२ टक्के. औषधाचा गुण आला, पण तो आहार-व्यायामाच्या जोडीने, हे विसरू नये.

आता खायचे काय? महागडे डबे आणि जाहिरातीतली चूर्णे नकोत. कोणताही एक पदार्थ हे हार्मोन भरून काढत नाही. दोन्ही वेळच्या जेवणात वरण, मटकी-मुगाची उसळ, दही किंवा ताक असावे. खाणाऱ्यांनी अंडी, मासे घ्यावेत. भाताचा ढीग कमी करून ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, काकडी-मुळा वाढवावा. फरसाण, भजी, दिवसातून पाच वेळा गोड चहा आणि दारू यांना आवर घालावा.

व्यायामात चालणे हवेच. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, दम लागेल इतके भरभर. पण तेवढ्याने स्नायू भरत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर किंवा वजन उचलणे हवे. गुडघे दुखत असतील त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. रात्री सात तास झोप घ्यावी, कारण अपुऱ्या झोपेनेही हे हार्मोन घटते.

दोन इशारे. या औषधाने रक्त घट्ट होऊ शकते, म्हणून ठरल्या वेळी रक्ततपासणी चुकवू नये. प्रोस्टेटबद्दलही डॉक्टरांशी बोलावे. आणि ज्यांना मूल हवे आहे त्यांनी हे इंजेक्शन घेऊ नये, कारण त्याने शुक्रजंतू तयार होणे थांबू शकते. व्यायामशाळेत कोणी दिले म्हणून टोचून घेणाऱ्या तरुणांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

असो. त्या गृहस्थांना विचारून मी त्यांच्या पत्नीला आत बोलावले आणि सारे समजावून सांगितले. त्या नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, आधी सांगितलं असतं तर रोज रात्री तुपाचा शिरा कशाला केला असता? मला वाटलं, तुम्हाला अशक्तपणा आलाय."

घरातले ताट ज्यांच्या हाती, त्यांच्यापासूनच दुखणे लपवले तर ताट बदलणार कसे? इंजेक्शन डॉक्टर देतील; बाकीचे काम घरातच व्हायचे आहे.