प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : गर्भाशय काढण्याची वेळ का येते?

बाळ सुखरूप जन्मते, घरी पेढ्यांची तयारी सुरू होते आणि तेवढ्यात डॉक्टर सांगतात, ‘रक्तस्राव थांबत नाही, ऑपरेशन करावे लागेल.’ नातेवाईक गोंधळतात, कारण या शस्त्रक्रियेबद्दल त्यांना आधी कुणी काही सांगितलेलेच नसते.

रक्त का थांबत नाही?
प्रसूतीनंतर गर्भाशय आकसते आणि वार सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० मिलीहून अधिक रक्त जाते. त्यामुळे इथे हिशेब मिनिटांचा असतो.

उपाय कोणते?
आधी गर्भाशयाला मालिश, ऑक्सिटोसिन आणि ३ तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिले जाते. मग गर्भाशयात फुगा भरून आतून दाब देतात. बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी कंडोम आणि कॅथेटर वापरून असा फुगा स्वस्तात करून दाखवला.

तेवढ्याने भागले नाही तर पोट उघडावे लागते. ब्रिटनमधील डॉ. ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गर्भाशयाभोवती उभे टाके घालून ते आवळतात. काही वेळा रक्त पुरवणाऱ्या धमन्या बांधतात. या दोन्हींत गर्भाशय वाचते. गर्भाशय काढणे हा शेवटचा उपाय. मात्र, वार खोलवर रुतली असेल किंवा गर्भाशय फाटले असेल, तर तो निर्णय लवकर घ्यावा लागतो.

संमती कुणाची?
संमती त्या महिलेची. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की संमतीशिवाय जास्तीची शस्त्रक्रिया करता येत नाही. अपवाद जीव वाचवण्यासाठी थांबणे शक्यच नसेल तेव्हाचा. म्हणून ही चर्चा ऑपरेशन थिएटरच्या दारात नव्हे, नवव्या महिन्यातील तपासणीतच व्हायला हवी. आधी सिझेरियन झालेल्या महिलांशी तर नक्कीच, कारण त्यांच्यात वार रुतण्याचा धोका अधिक असतो.

पण केवळ चर्चेने जीव वाचत नाही. सर्जन आहे पण भूलतज्ज्ञ नाही, दोघे आहेत पण रक्त नाही, अशा रुग्णालयात टाके घालण्याची संधी हुकते आणि रुग्णाला पुढे पाठवण्यात वेळ जातो. तालुक्याच्या ठिकाणी हे तिन्ही रात्रीसुद्धा मिळाले, तर अनेकींचा जीव वाचेल आणि गर्भाशयही.