चरबी जाते तरी कुठे, बॉस?

एक सोप्पा प्रश्न. समजा, तुम्ही दहा किलो वजन कमी केलंत. (समजायला काय जातंय!) तर ते दहा किलो गेले कुठे?

ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न टाकून बघा. कुणी म्हणेल, घामावाटे गेले. कुणी म्हणेल, 'बर्न' होऊन एनर्जी झाली. एखादा थेट बाथरूमकडे बोट दाखवेल. आणि चरबीचे मसल्स होतात असं छातीठोक सांगणारा जिमबहाद्दर तर प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. सगळ्यांचे मार्क कट! घामवाल्याला हवं तर ग्रेसचे दोन द्या.

पण वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही एकटे नाही. सिडनीच्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्समधल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या जोडगोळीने हाच प्रश्न डॉक्टर, डाएटिशियन आणि पर्सनल ट्रेनर अशा १५० जणांना विचारला. त्यातही 'एनर्जी होते' हेच उत्तर सगळ्यात पॉप्युलर! या दोघांचा पेपर डिसेंबर २०१४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातला हिशेब असा : १० किलो चरबीपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे पोटावरचा टायर चक्क नाकातून बाहेर जातो!

विश्वास नाही बसत? मग शाळेतलं सायन्स जरा आठवा. श्वासोच्छ्वास आणि श्वसन असे दोन वेगळे शब्द होते, आणि आपण दोन्ही एकच समजून परीक्षा दिली. श्वासोच्छ्वास म्हणजे छातीचा भाता, हवा आत-बाहेर. खरं श्वसन चालतं पेशीत. जेवणातली साखर आणि साठवलेली चरबी तिथे टप्प्याटप्प्याने फोडली जाते. त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनची ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी होतं. या भानगडीत जी एनर्जी सुटते ती एटीपी नावाच्या सुट्ट्या नाण्यांत जमा होते आणि लगेच खर्चही होते. यातलं मधलं चक्र हान्स क्रेब्सने १९३७मध्ये उलगडलं. त्यासाठी १९५३मध्ये त्याला नोबेल मिळालं.

एनर्जी मिळते हे खरंच, पण चरबीतले अणू कुठे नाहीसे होत नाहीत. चुलीतल्या लाकडाने ऊब दिली तरी लाकूड गेलं धुराड्यातूनच ना? १७८०च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं होतं. निष्कर्ष काय, तर श्वसन म्हणजे संथ जळणंच.

मग काय, खुर्चीत बसून जोरजोरात श्वास सोडायचे? नो वे! त्याने रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड तेवढा उडतो, डोकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. चरबी जागची हलत नाही. ती हलायला पेशींना काम द्यावं लागतं.

माझ्या एका मैत्रिणीने लग्नाआधी घाम काढणारा बेल्ट घेतला. दिवसा पाणी जवळजवळ बंद, संध्याकाळी बेल्ट. रात्री काटा एक किलो खाली, पाणी प्यायलं की जैसे थे! तिसऱ्या आठवड्यात बाईसाहेब लोकलमध्ये चक्कर येऊन पडल्या. गेलं होतं ते पाणी, आणि शरीराला नेमकी त्याचीच गरज होती.

आता थोडं गणित. ७० किलोच्या माणसाने दिवस झोप, आराम आणि हलकीफुलकी कामं यांत घालवला, तरी साधारण २०० ग्रॅम कार्बन श्वासावाटे टाकतो. तासभर जॉगिंग केलं तर त्यात आणखी ४०-एक ग्रॅमची भर. छान! पण तेवढा कार्बन साधारण ९५ ग्रॅम साखरेत असतो. जॉगिंगनंतर 'आज मी डिझर्व्ह करते' म्हणत मोठी कोल्ड कॉफी आणि पेस्ट्री हाणली, की हिशेब बराचसा फिट्टमफाट.

म्हणून फंडा जुनाच, कारण मात्र नवं : बाहेर सोडता त्यापेक्षा कमी कार्बन तोंडात टाका, आणि हलत राहा. उपाशी राहू नका, पाणी तोडू नका, बेल्टचे पैसे चांगल्या शूजवर घाला. उद्या लिफ्ट सोडून जिन्याने जा. चौथ्या मजल्यावर धाप लागली आणि बॉसने भुवया उंचावल्याच, तर बिनधास्त सांगा, ''चरबी बाहेर सोडतोय, सर!''